लॅबमध्ये कॅशे सर्व्हर असूनही धडे अडकतात? या क्रमाने तपासा

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या शाळेच्या लॅबमध्ये दिसत असलं, तर पुढचं वाचा.

– एका मुलाने धडा उघडला तर छान चालतो. तीस मुलांनी एकदम उघडला की सगळ्यांच्या स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं.
– काल पूर्ण पाहिलेला धडा आज पुन्हा पहिल्यापासून इंटरनेटवरून उतरतो.
– रात्री लाइट जाऊन आली की सकाळी एकही धडा उघडत नाही. इंटरनेट मात्र चालू असतं.
– खिडकीकडच्या रांगेत चालतं, दाराकडच्या रांगेत अडकतं.
– महिना-दोन महिने सुरळीत चालतं, मग दिवसेंदिवस मंद होतं आणि एक दिवस सर्व्हर गोठतो.

मी सिंधुदुर्गातल्या काही शाळांच्या लॅब सांभाळतो. मांडणी सगळीकडे जवळपास सारखी आहे: एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एंजिनएक्स (मागण्या घेऊन धडे देणारा सर्व्हर प्रोग्रॅम). धड्यांचे व्हिडिओ बाहेरच्या सर्व्हरवर असतात. पहिल्या मुलाने धडा मागितला की हा डेस्कटॉप तो बाहेरून आणतो, त्या मुलाला देतो आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो. पुढच्या मुलाला ती घरातलीच प्रत मिळते. या साठवणीला कॅशे म्हणतात. शाळेत सगळे त्याला ‘खोका’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.

मला दर पावसाळ्यात याच बिघाडासाठी फोन येतात. ‘खोका बिघडला’ असं सांगतात, पण बहुतेक वेळा खोका धडधाकट असतो आणि त्याच्यापर्यंतची वाट तुटलेली असते. म्हणून खालचा क्रम वाटेपासून सुरू होतो आणि खोक्याच्या पोटात शेवटी शिरतो. घाईने सगळं पुसून नव्याने बसवायला घेऊ नका. त्याने साठवलेले धडे जातात आणि मूळ कारण तसंच राहतं.

हिशेब आधी मांडा

वीस मिनिटांचा, ३०० एमबीचा एक धडा धरा. तो न अडकता चालायला सेकंदाला साधारण २ मेगाबिट लागतात. तीस मुलं म्हणजे ६० एमबीपीएस. शाळेची लाइन २० ची असेल तर कॅशेशिवाय धडा अडकणारच, त्यात कोणाचाच दोष नाही. तीस मुलांनी तो वेगवेगळा उतरवला तर ९ जीबी होतात आणि २० च्या लाइनवर त्याला बरोबर एक तास लागतो. तोच धडा एकदाच उतरवायला दोन मिनिटं पुरतात. कॅशेचा सगळा फायदा या एक तास आणि दोन मिनिटांतल्या फरकात आहे. म्हणून पाहायचं एवढंच की बाहेरून धडा एकदाच येतोय की तीसदा. बरेच राउटर दिवसाचा डेटा वापर दाखवतात. तासाभरात ९ जीबी गेले असतील तर खोका मध्ये नाहीच असं समजा.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, कारण ती मला सगळ्यात जास्त वेळा विचारली जाते. यूट्यूब या खोक्यात साठत नाही. यूट्यूबचा व्हिडिओ कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसमधून येतो. मधल्या खोक्याला तो नुसता पुढे देता येतो, आत काय आहे ते दिसत नाही. गुगल आपल्या कॅशेच्या पेट्या इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच बसवतं, त्यामुळे ती साठवण तुमच्या शाळेत आणता येत नाही. मुलांच्या मशीनवर आपलं प्रमाणपत्र बसवून हे कुलूप उघडता येतं असं कोणी सांगेल. ते करू नका. त्याच मशीनवर शिक्षक बँकेचं खातं उघडतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. ती सगळी माहिती मग खोक्यात उघडी पडते. विश्वकोश हवा असेल तर किविक्स आणि सरावाचे धडे हवे असतील तर कोलिब्री खोक्यावर बसवा. हे दोन्ही आधी उतरवून ठेवले की इंटरनेटशिवाय चालतात.

१. खोका उठला आहे का?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. खोक्याला मॉनिटर लावा आणि पाहा. पंख्याचा आवाज ऐकून चालू आहे असं धरू नका.

मागच्या जूनमध्ये एका शाळेत गेलो. शिपाईकाका दारातच म्हणाले, “लाइट जावन इली की ह्या खोक्याक काय होता ता कळणा नाय.” पंखा फिरत होता, पुढचा हिरवा दिवा लागलेला होता. मॉनिटर जोडला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा. खोक्याला कीबोर्डच नव्हता, मग दाबणार कोण? तो रात्रभर तसाच थांबला होता. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला होता. वीज पूर्ण गेली की मशीनला तारीख आणि सेटिंग आठवत नव्हती, म्हणून ते दर वेळी परवानगी मागत होतं. घड्याळाच्या दुकानात मिळतो तोच हा बटणासारखा सेल. बदलताना आधी वायर भिंतीतून काढा, सेलची जुनी दिशा पाहून ठेवा, नवा बसवा. मग बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तारीख लावा आणि ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो’ हे सेटिंगही करून टाका.

तारखेला मी एवढं महत्त्व देतो त्याला कारण आहे. प्रत्येक धडा किती तारखेपर्यंत ताजा धरायचा हे खोका स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळ दहा वर्षं मागे असताना साठवलेले धडे घड्याळ सुधारताच एका झटक्यात शिळे ठरतात आणि सगळे पुन्हा बाहेरून येऊ लागतात.

२. खोका उठला, पण एंजिनएक्स उठला का?

लाइट जाऊन आल्यानंतरच्या तक्रारींत मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हे आहे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

लाइट आली की राउटर आणि खोका एकदमच सुरू होतात. राउटर खोक्याला पत्ता लगेच देतो, पण फायबर जुळून इंटरनेट यायला आणखी मिनिट-दोन मिनिटं जातात. एंजिनएक्स मात्र सुरू होतानाच धड्यांच्या सर्व्हरचं नाव शोधतो. नाव सापडलं नाही की ‘होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम’ असं लिहून तो बंद पडतो आणि पुन्हा प्रयत्न करत नाही. तुम्ही दहा वाजता येता तेव्हा इंटरनेट आलेलं असतं, खोका चालू दिसतो आणि धडे मात्र उघडत नाहीत.

आधी हाताने करा: ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एंजिनएक्स’ ही आज्ञा द्या (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत). लगेच चालू झालं तर कारण हेच. मग कायमचा उपाय. एंजिनएक्सच्या सेवेच्या फाइलला ‘रीस्टार्ट बरोबर ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्ट-सेक बरोबर ३०’ अशा दोन ओळींची जोड द्या. मग तो पडला तरी दर तीस सेकंदांनी स्वतःच उठायचा प्रयत्न करतो. ज्या शाळेत या दोन ओळी टाकल्या, तिथून तेव्हापासून लाइटच्या कारणाने मला फोन आलेला नाही.

३. पत्ता तोच आहे का?

मुलांची मशीन खोक्याला एका ठरलेल्या पत्त्यावर शोधतात, समजा १९२.१६८.१.५०. पण पत्ते वाटतो राउटर. खोक्यासाठी तो राखून ठेवायला सांगितला नसेल तर वीज गेल्यावर खोक्याला ५० च्या जागी ६३ मिळू शकतो. कुठल्याही मशीनवरून जुन्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारी आज्ञा द्या. उत्तर आलं नाही तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत खोका शोधा आणि त्याचा पत्ता तिथेच कायमचा राखून ठेवा. फुकट आहे, पाच मिनिटांत होतं.

याच यादीत आणखी एक पाहा. काही मशीनना वेगळ्याच घराण्याचा पत्ता मिळाला आहे का, म्हणजे बाकी सगळे १९२.१६८.१ चे आणि पाच-सहा १९२.१६८.० चे? तसं असेल तर कोणीतरी घरचा जुना वाय-फाय राउटर आणून स्विचला (लॅबच्या सगळ्या केबली जिथे जोडतात त्या पेटीला) जोडला आहे आणि तोही पत्ते वाटतोय. ऑफिसात वाय-फाय पोचत नाही म्हणून सद्हेतूनेच जोडलेला असतो. त्यातली पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद करा. राउटर काढायची गरज नाही.

एखाद्याच मशीनला किंवा टॅबलेटला खोका नावाने सापडत नसेल तर ब्राउझरमधलं ‘सुरक्षित डीएनएस’ किंवा अँड्रॉइडमधलं ‘खासगी डीएनएस’ पाहा (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा). तिथे बाहेरची सेवा निवडली असेल तर ते उपकरण तुमच्या राउटरला नाव विचारतच नाही.

४. इंटरनेटची वायर काढून पाहा

ही चाचणी मला सगळ्यात जास्त आवडते. एक धडा शेवटपर्यंत पाहून घ्या. मग राउटरला बाहेरून येणारी वायर काढा आणि दुसऱ्या मशीनवर तोच धडा लावा. चालला तर साठवण आणि वाट दोन्ही ठीक आहेत, तुमची अडचण मुख्यतः तपासणी ५ किंवा ७ मध्ये आहे. नाही चालला तर ६ कडे जा.

साठवलेल्या धड्याची मुदत संपली असेल तर यासाठी एंजिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी कॅशे यूज स्टेल’ ही ओळ असावी लागते. बाहेरचा सर्व्हर भेटत नसेल तर जुनी प्रत दे, असा तिचा अर्थ. कोकणात पावसाळ्यात लाइन दोन-दोन दिवस बंद असते. तेव्हा सोमवारचा धडा बुधवारी या एका ओळीमुळे मिळतो. ती नसेल तर आजच टाका.

५. वायर, स्विच, वाय-फाय

एका रांगेत चालतं आणि दुसरीत नाही, असं असेल तर सरळ इथे या.

स्विचवरचे दिवे पाहा. बऱ्याच स्विचवर गिगाबिट जोडणीचा आणि १०० च्या जोडणीचा दिवा वेगळ्या रंगाचा असतो. कुठला रंग कशाचा ते स्विचवरच छापलेलं असतं. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. म्हणून उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली की बहुतेकदा जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. खोका ते स्विच ही केबल सगळ्यात महत्त्वाची, कारण तीसही मुलांचे ६० एमबीपीएस त्याच एका केबलमधून जातात. १०० मध्ये ते बसतात, पण जोडणी १० वर उतरली तर कोणाचाच धडा चालणार नाही.

आमच्याकडे केबलच्या टोकाच्या क्लिपा गंजतात. समुद्राजवळच्या एका शाळेत केबल काढली तेव्हा टोकाच्या आठ सोनेरी पट्ट्यांपैकी तीन हिरव्या पडल्या होत्या, बोटाला हिरवी पूड लागत होती. घासून तात्पुरतं चालतं, पण आठवड्यात परत तेच. टोक कापून नवी क्लिप क्रिंप करा, म्हणजे हत्याराने दाबून बसवा. क्लिपेला दोन-चार रुपये पडतात, क्रिंपिंगचं हत्यार गावातल्या केबलवाल्याकडे असतंच. दाराकडची केबल उंदरांनी कुरतडलेली असेल तर जोड मारत बसू नका, पूर्ण केबल बदला.

टॅबलेट असतील तर वाय-फाय हा वेगळाच विषय होतो. एका साध्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झवर तीस व्हिडिओ चालवायची अपेक्षा धरू नका. खोका कितीही वेगवान असला तरी हवा सगळ्यांना मिळून एकच आहे. ५ गिगाहर्ट्झ वापरा, वर्गात दोन ठिकाणी अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. २.४ वरच राहायचं असेल तर त्यांना १, ६, ११ यांतले वेगवेगळे चॅनल द्या. डेस्कटॉप मात्र केबलवरच ठेवा.

६. साठवलेलं टिकत का नाही?

इथून पुढे कीबोर्डचं काम आहे. एंजिनएक्सने धडा कुठून दिला ते उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) दाखवायला सांगता येतं. मी प्रत्येक खोक्यावर ते चालू ठेवतो. ‘हिट’ म्हणजे घरातून, ‘मिस’ म्हणजे बाहेरून, ‘एक्स्पायर्ड’ म्हणजे प्रत होती पण मुदत संपली. तोच धडा तीनदा मागा आणि तिन्ही वेळा ‘मिस’ आला तर खालची कारणं एकेक पाहा.

पहिलं, ‘इनॅक्टिव्ह’. कॅशेची जागा ठरवणाऱ्या ओळीत हे लिहिलं नसेल तर एंजिनएक्स ते दहा मिनिटं धरतो. दहा मिनिटांत कोणी तो धडा मागितला नाही, तर मुदत कितीही असो, तो पुसला जातो. सातवी ‘अ’चा तास संपून सातवी ‘ब’ मधल्या सुट्टीनंतर येते, तोवर धडा गेलेला असतो. ‘काल पाहिला, आज परत उतरतो’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच निघतं. ६० दिवस लिहा.

दुसरं, डिस्क भरलेली. ‘डीएफ’ आज्ञेने पाहा. कॅशेला ‘मॅक्स साइझ’ दिलेली नसेल तर तो मिळेल तेवढी जागा खात जातो, शेवटी लॉग लिहायलाही जागा उरत नाही आणि खोका गोठतो. महिनाभराने मंद होणारा खोका असेल तर आधी हेच बघा. २५० जीबीची डिस्क असेल तर मी कॅशेला १८० देतो.

तिसरं, बाहेरचा सर्व्हर धड्याबरोबर कुकी पाठवतो किंवा ‘खासगी, साठवू नका’ असं सांगतो. एंजिनएक्स ते पाळतो आणि पाळायलाच हवं. ही सूचना डावलण्याआधी धडे ठेवणाऱ्या संस्थेला फोन करा. तो फक्त व्हिडिओचा फोल्डर असेल तर ते सूचना बदलून देतात. लॉगिनची, गुणांची पानं कधीही जबरदस्तीने साठवू नका. एका मुलाचं पान दुसऱ्याला दिसेल.

चौथं, पत्त्याच्या शेवटी दर वेळी बदलणारा आकडा. प्रश्नचिन्हानंतरचा तो भाग वेगळा आला की खोक्याला तो नवाच धडा वाटतो. कॅशेची किल्ली (साठवलेली प्रत ओळखायची खूण) त्या भागाशिवाय बनवता येते, पण त्या आकड्याने परवानगी तपासली जात असेल तर हात लावू नका.

७. फक्त सगळ्यांनी एकदम उघडल्यावर अडकतं

मॅडम म्हणतात, “चला, आता सगळ्यांनी चौथा धडा उघडा.” तीस क्लिक एकाच सेकंदात. त्या क्षणी खोक्यात धडा नसतो, म्हणून तीसही मागण्या बाहेर जातात. दुसऱ्यांदा सगळं ठीक चालतं, म्हणून दुरुस्तीवाला आला की त्याला काहीच सापडत नाही.

सोपा उपाय: तासाच्या आधी मॅडमनी स्वतः तो धडा एकदा शेवटपर्यंत चालवावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे आठवड्याच्या धड्यांची यादी करून रात्री दोन वाजता खोक्यानेच ते मागवून ठेवावेत. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) एक ओळ पुरते.

पक्का उपाय दोन भागांचा आहे. ‘प्रॉक्सी कॅशे लॉक’ चालू केलं की एकच मागणी बाहेर जाते, बाकीच्या थांबतात. पण हे थांबणं ठरवून न दिल्यास पाचच सेकंदांचं असतं, आणि ३०० एमबीचा धडा यायला दोन मिनिटं लागतात. पाच सेकंद झाले की उरलेले एकोणतीस पुन्हा बाहेर धावतात. म्हणून नुसतं लॉक चालू करून ‘फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. त्याच्या जोडीला ‘स्लाइस’ लावा, एक एमबीचे तुकडे. एक तुकडा २० च्या लाइनवर ०.४ सेकंदात येतो, म्हणजे पाच सेकंदांच्या आत आरामात. स्लाइस लावताना कॅशेच्या किल्लीत तुकड्याची हद्द घाला, ती हद्द ‘रेंज’ हेडरमधून बाहेरच्या सर्व्हरला पाठवा आणि साठवायच्या उत्तरांच्या क्रमांकांत २०० (पूर्ण उत्तर) बरोबर २०६ लिहायला विसरू नका. तुकड्याचं उत्तर २०६ असतं. ते लिहिलं नाही तर तुकडे साठणारच नाहीत असं होऊ शकतं.

८. डिस्क

धडा मध्येच दोन-तीन सेकंद थांबतो, परत चालतो, आणि वर्गात एकच मूल असलं तरी तेच होतं. ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची तब्येत पाहा. रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा) आकडा शून्याहून जास्त असेल आणि आठवड्यात वाढत असेल तर डिस्क जाणार. कॅशेतला माल परत बाहेरून आणता येतो, त्याची काळजी नाही. मुलांचं काम किंवा शाळेच्या फाइली त्याच डिस्कवर असतील तर त्या आत्ताच दुसरीकडे घ्या. नवी घालताना एसएसडी घाला. खोका म्हणून रास्पबेरी पाय असेल तर कॅशे मेमरी कार्डावर ठेवू नका, सततच्या लिहिण्याने कार्ड झिजतं. आणि पाय ३ बी ची केबल जोडणी १०० वरच थांबते, गिगाबिट पाय ४ पासून पूर्ण मिळतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खोक्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग तुटलेलं असतं. ते तपासेपर्यंत मुलांना लॅबमध्ये सोडू नका, बाकी सगळ्या तपासण्या नंतर.

वीज कडाडून गेल्यावर स्विचचे चार-पाच पोर्ट एकदम मेले असतील किंवा जळका वास येत असेल, तर मशीन एकेक जोडून पाहू नका. चांगली मशीनही जातात. आधी अर्थिंग आणि सर्ज संरक्षण इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा असेल तर तुमच्याकडून काही होणार नाही. लाइनवाल्याला फोन करा. पिवळी वायर काढून तिच्या टोकात डोळा घालू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल आणि आत एकुलत्या एक प्रती असतील तर वीज काढा. परत सुरू करून पाहण्याचा मोह टाळा. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर परत मिळणारा भाग कमी होत जातो. डेटा परत काढणाऱ्याकडे तशीच द्या.

आणि तपासणी १ ते ८ करूनही ‘हिट’ दिसत नसेल, तर सर्व्हरचं काम येणाऱ्या माणसाला बोलवा. फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: खोक्याचा पत्ता, खोका ते स्विच जोडणीचा वेग, डिस्कवर उरलेली जागा, तीन वेळा मागितलेल्या धड्यावर आलेले तीन शब्द, आणि शेवटची लाइट कधी गेली ती वेळ. हा कागद मी प्रत्येक खोक्याच्या बाजूला चिकटवलेला असतो. तो भरलेला असला की निम्म्या वेळा फोनवरच काम होतं, कुडाळहून गाडी काढावी लागत नाही.